कोंडा कोणाच्या पोळीत

काल आई ओट्यापाशी कणीक चाळत होती. माझ्या लहानपणी चाळणीत उरलेला कोंडा ती स्वतःच्या पोळीत घालायची. बाबांना पांढरी, मऊ पोळी लागायची. तिची जाडीभरडी पोळी सगळ्यांच्या मागून, ओट्याशीच खाऊन व्हायची.

आता डॉक्टरांनी सांगितलंय की धान्याचं सत्त्व सालीत असतं. त्या सत्त्वाचा पॉलिफेनॉल हा शब्द बाबा आल्यागेल्याला समजावून सांगतात. आई अजूनही चाळते, फक्त कोंडा आता बाबांच्या परातीत पडतो आणि पांढरं पीठ तिच्या. मधुमेह दोघांनाही आहे.

इतकी वर्षं चांगलं ते चुकून तिच्या पानात पडत होतं. कळल्याबरोबर घराने ती चूक दुरुस्त केली.

"चाळूच नकोस ना," मी म्हटलं. "दोघांनाही मिळेल."

"एवढासा तर निघतो," आई म्हणाली. "त्यात मी वाटेकरी झाले तर यांना काय पुरणार?"

आणि तिने चाळणी उलटी करून बाबांच्या परातीवर आपटली. जाळीला चिकटलेला कोंडाही तिला वाया जाऊ द्यायचा नव्हता.