पाठीवरच्या टाचण्या

बुधवार, सकाळचे सहा पन्नास. कपड्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत ती पायात मोजे घालून उभी आहे आणि ओठांत धरलेल्या टाचण्यांतली एकेक काढून पुतळ्याच्या पाठीवर लावते आहे. पुतळ्याच्या अंगात राखाडी कोट आहे. समोरून तो मापानं शिवून घेतल्यासारखा बसला आहे. मागे मात्र जास्तीचं कापड मुठीत गोळा करून टाचलेलं आहे आणि कमरेपाशी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आहे. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही. पुतळ्याची पाठ रस्त्याकडे करायची नाही, हा या कामातला पहिला नियम. इतक्या वर्षांत तो तिनं मोडलेला नाही.

दुकानात तिला काचवाली म्हणतात. सजावट बदलली की जुनी सजावट ती घरी नेते. उन्हानं विटलेलं कापड, पुठ्ठ्याचे खांब, फुटके आरसे, हात तुटलेल्या पुतळ्याची टोपी. मालकाची हरकत नसते. "ने बाई, ने," तो म्हणतो, "माझा कचरा तुझ्याकडे जाऊन पाहुणा होतो."

आज तिला घाई आहे. दुपारी चार वाजता तपासणीवाल्या बाई घरी येणार आहेत, दुसऱ्यांदा.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागतं. त्याचा खर्च आजवर एक संस्था उचलत आली. मध्यंतरी संस्थेनं सगळ्या रुग्णांची घरं पाहायचं ठरवलं, त्यात हे घरही पाहिलं, आणि मदत थांबवण्याचा निर्णय कळवला. काचवालीनं फेरतपासणीसाठी अर्ज केला, तो मंजूर झाला. आज बाईंचं मत बदललं नाही तर पुढच्या आठवड्यापासून मशीन बंद. मशीनशिवाय माणूस किती दिवस काढतो, हे तिनं डॉक्टरांना विचारलेलं नाही. नवऱ्यानं विचारलं आहे.

पहिल्या भेटीत चूक झाली ती अशी. पाहुणा येणार म्हटल्यावर कुठल्याही घरात जे होतं तेच या घरात झालं. आवराआवर झाली.

तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, कोपऱ्यात ओटा. खिडकीला चहाच्या पाण्यात रंगवलेले पडदे, जमिनीपर्यंत. पलंगामागे सोनेरी चौकटीचा उंच आरसा, त्यामुळे खोली दुप्पट वाटायची. टोपीच्या गोल खोक्याचा दिवा, त्याचा उजेड मधासारखा पिवळा. भिंतीवर निळ्या-करड्या पट्ट्यांचं मोठं चित्र. नवऱ्याला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी. ते कमी वाटू नये म्हणून तिनं जाड बुडाचा छोटा निळा पेला शोधून आणला होता. तो भरला की भरपूर दिसायचा.

बाईंपुढे तिनं ताटली ठेवली. बेकरीवाला ब्रेडच्या कापलेल्या कडा जवळजवळ फुकट देतो. त्या तव्यावर कुरकुरीत करून एकावर एक रचलेल्या, शेजारी गाजराच्या पातळ चकत्या. गाजर नवऱ्याच्या पथ्यासाठी दोनदा उकळून पाणी फेकून दिलेलं, चवीला कागद. पण चकत्या फुलासारख्या मांडलेल्या. अंगात तिचा ठेवणीतला काळा कोट होता.

"किती सुंदर ठेवलंय हो घर," बाई दारातच म्हणाल्या होत्या.

"सुनेचा हात आहे," सासूबाई फुलून गेल्या. "आमच्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. कुणाला वाटेल का इथं आजारी माणूस आहे?"

बाईंना वाटलं नाही. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले आणि अहवालात लिहिलं: राहणीमान चांगले, गरज तातडीची वाटत नाही.

निकाल कळला त्या संध्याकाळी सासूबाई मुलाच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे घर घाण ठेवलं असतं तर माझा मुलगा वाचला असता?"

 त्या वाक्यातून काचवालीनं योजना काढली.

दुकानातून ती आज अकराला सुटली. शेजारच्या खोलीत शिवणकाम करणारी एक विधवा राहते, या घरी तिला शिवणवाली म्हणतात. दोघींनी मिळून खोलीची सजावट उतरवायला घेतली.

"आधी पडदे," शिवणवाली म्हणाली. "रडायचं असेल तर मग रड. स्टुलावर चढून रडू नकोस, पडशील."

"मी रडत नाहीये."

"मग नाकाला काय झालंय? चित्र धर त्या बाजूनं."

आरसा गेला, चित्र गेलं, उशा गेल्या, टेबल गेलं. सगळं शिवणवालीच्या खोलीत, तिच्या मशीनभोवती रचून ठेवलं. नवरा पलंगावरून बघत होता.

"दिवा राहू दे," तो म्हणाला.

"दिवाच तर सगळ्यात महाग दिसतो."

"मग मलाही उचलून शेजारी ठेवा. या खोलीत सगळ्यात महाग मीच आहे."

शिवणवाली हसली. सासूबाई हसल्या नाहीत. "पाहुणा यायच्या वेळी घर उघडं करायचं," त्या पुटपुटल्या, "असं माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आता तेवढं बघायचं राहिलं होतं."

दोनपर्यंत खोली रिकामी झाली. उरला पलंग, एक खुर्ची, ओट्यावरची भांडी आणि छताला लटकलेला नुसता बल्ब. काचवालीनं बादली दाराशी ठेवली. ती नीट दिसेना म्हणून थोडी डावीकडे सरकवली. दोरीवरचा टॉवेल सरळ केला, मग लक्षात आल्यावर मुद्दाम वाकडा केला. तो वाकडाही तिला बरा दिसेना. नवरा म्हणाला, "बस कर. ही काच नाहीये."

बाई चारला पाच मिनिटं असतानाच आल्या. चपला काढल्या आणि दारातच थांबल्या. या वेळी त्यांनी घराचं कौतुक केलं नाही. त्या भिंतीकडे बघत होत्या.

भिंतीचा रंग वर्षानुवर्षांच्या फोडणीच्या धुरानं मळला होता. जिथं चित्र होतं तिथं मात्र स्वच्छ पांढरा चौकोन उमटला होता. आरशाच्या जागी तसाच उंच पट्टा. खिडकीवर पडद्याच्या रिकाम्या कड्या. दुसऱ्याचं दुकान सजवणाऱ्या काचवालीच्या हे लक्षात यायला हवं होतं. काचेतून वस्तू काढली की तिची खूण राहते, म्हणून ती दर वेळी मागचं कापडच बदलते. घरच्या भिंतीला मागचं कापड नव्हतं.

बाईंनी मोबाइल काढला, जुने फोटो उघडले आणि भिंतीशी ताडून पाहिले.

"मागच्या वेळी इथं आरसा होता. टेबल होतं. सामान कुठंय?"

"विकलं," नवरा म्हणाला.

"शेजारी ठेवलंय," सासूबाई त्याच वेळी म्हणाल्या.

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. 

"मागच्या वेळी निदान प्रामाणिक वाटला होतात," बाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. पर्स खांद्याला अडकवली. "माझ्याकडे अशी चाळीस घरं आहेत हो. तुमच्यासारखं सामान लपवलेलं एक सापडलं की खरी गरज असलेल्यांकडेही मग कमिटी संशयानं बघते."

"मॅडम, दोन मिनिटं," काचवाली म्हणाली.

"आता काय दाखवायचं राहिलंय?"

"मागची बाजू."

ती शेजारी गेली आणि आरसा उचलून आणला. सोनेरी चौकट भिंतीकडे आणि पाठ बाईंकडे करून उभा केला. मागे बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, डिंकाचे ओघळ, चिकटपट्टी. कपडे घालून बघायच्या खोलीतला तडकलेला आरसा होता तो. तडा चौकटीखाली दडवलेला. मग चित्र आणून उलटं धरलं. मागे लाल अक्षरं: सेल, शेवटचे तीन दिवस. मग टेबल आडवं पाडलं. रंगाचे चार रिकामे डबे आणि जुन्या दाराची फळी. उशी उसवली, आतून दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या बाहेर आल्या. त्या जमिनीवर पसरत गेल्या तसं सासूबाईंनी तोंड फिरवलं. त्या उशीवर त्या रोज डोकं ठेवतात.

"पुरे आता," नवरा म्हणाला. "अगं, पुरे."

तिनं खुंटीवरचा काळा कोट काढून अंगात घातला, बटणं लावली आणि बाईंकडे पाठ केली.

समोरून तो कोट कुठल्याही चांगल्या दुकानातला वाटतो. काचेत वर्षभर उभा राहून उन्हाच्या बाजूनं तो विटला होता. तिनं तो उसवून कापड आतलं बाहेर केलं. पाठीला कापड पुरलं नाही, म्हणून पाठ अस्तराच्या तीन तुकड्यांची, तिन्ही वेगळ्या रंगांचे. हा कोट घालून ती कुणाच्याही पुढे चालत नाही. पहिल्या भेटीनंतर बाईंना जिन्यापर्यंत सोडायला गेली तेव्हाही ती एक पायरी मागेच होती. बाईंना तो तिचा नम्रपणा वाटला होता.

"तुम्ही बघितलंत ते सगळं समोरून," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "मी दाखवलं म्हणून. माझं कामच ते आहे."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी पुन्हा मोबाइल काढला आणि एकेका वस्तूचे पाठीकडून फोटो काढले. कोटाचाही काढला.

"हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?"

"हो."

"शिकलात कुठं?"

"कुठंच नाही. बघून बघून."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. जाताना सासूबाईंना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मी माझ्याकडून चांगलंच लिहिलंय."

दार लागलं. शिवणवाली भिंतीपलीकडून म्हणाली, "झालं का गं?"

"झालं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी स्वतः भाजी केली, दोनदा उकळून.

निकाल सोमवारी आला. दवाखान्याच्या खिडकीवरच्या कारकुनानं तो वाचून दाखवला. बाईंनी खरंच चांगलं लिहिलं होतं, आणि कमिटीनं ते नीट वाचलं होतं. घरातील वस्तू टाकाऊ मालापासून बनवलेल्या असल्याचे मान्य. तथापि रुग्णाच्या पत्नीच्या हाती उत्तम कसब असून त्यातून कुटुंबाचे उत्पन्न वाढण्यास वाव आहे. सबब आठवड्यातून दोन वेळांचा खर्च संस्था देईल, तिसऱ्या वेळेचा कुटुंबाने उचलावा.

"तिसरी वेळ कोणती?" तिनं विचारलं.

"गुरुवार काढलाय. मंगळवार आणि शनिवार चालू."

डॉक्टर म्हणाले, दोनवर भागत नाही, पण भागवावं लागलं तर पाणी आणखी कमी करा. जिना चढताना धाप लागली, झोपल्यावर श्वास अडकला, तर वाट न बघता घेऊन या. कुठं, कुणाच्या खर्चानं, हे त्यांच्या हातात नव्हतं.

"मग विक ना," शिवणवाली म्हणाली. "त्यांनीच लिहून दिलंय कसब आहे म्हणून. दिवा ने, आरसा ने. मालकाला म्हणावं, दुकानात ठेव."

मंगळवारी नवरा मशीनवर असताना तिनं दोन्ही वस्तू दुकानात नेल्या, गल्ल्याशेजारी उभ्या केल्या आणि दिवा कशाचा आहे ते सांगितलं. मालकानं चार पावलं मागे जाऊन पाहिलं. त्याचा चेहरा खुलला.

"हे माझं खोकं? खोटं बोलतेस."

"तुमचंच."

त्यानं दिवा उचलला आणि उलटा केला. आत डोकावला. मग आरसा फिरवला आणि पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं.

"समोरून झकास आहे गं," तो म्हणाला. "पण काचेतलं वेगळं. विकत घेणारा उलटून बघतो."

जास्तीचे तास मागितल्यावर त्यानं हंगाम संपत आल्याचं सांगितलं. ते खरंच आहे. दिवा आणि आरसा घेऊन ती घरी आली.

आज पुन्हा बुधवार आहे. खोली पहिल्यासारखी लागली आहे. चित्र त्याच चौकोनावर आहे, उशी पुन्हा शिवली आहे, दिवा पलंगाशेजारी आहे. तो नवऱ्यानं मागितला. निळा पेला आता अर्धाच भरायचा असतो. अर्धा पेला भरलेला दिसेल अशी युक्ती तिला अजून सापडलेली नाही. तिनं आणखी छोटा पेला शोधला, तो नवऱ्यानं परत केला. "मला कळतं गं," तो म्हणाला.

संध्याकाळपासून त्याचे घोटे सुजले आहेत. त्यानं मोजे घातले आहेत, तिला दिसू नये म्हणून. तिला दिसलं आहे.

उद्या गुरुवार. सकाळी साडेसहाला तिला काचेत नवा पुतळा उभा करायचा आहे. दवाखान्यात पहिली पाळी सहाला सुरू होते, आणि दारावर लावलेल्या कागदावर नवऱ्याच्या नेहमीच्या चार नंबरच्या मशीनपुढे उद्यासाठी दुसऱ्या माणसाचं नाव आहे.