माळ्यावरचं लाकूड

आमच्याकडे कळंबच्या बाजूला म्हातारी माणसं आपल्या सरणाचं लाकूड आपणच जमवून ठेवायची. भर पावसात कुणी गेलं तर सुकं लाकूड आणायचं कुठून? म्हणून ते चुलीच्या वर, माळ्यावर रचलेलं असायचं, धुरानं काळं पडलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पहिल्याच आठवड्यात वर बोट दाखवून बजावलं, "त्याला हात लावायचा नाय गं. ते माझं हाय." भात शिजवायचा आणि डोक्यावर सासऱ्याचं सरण! मला मेलीला घास उतरेना. मग झाली सवय.

मामंजींनी मधमाश्या पाळल्या होत्या. शिबिरात शिकून आणलेल्या पाच-सहा पेट्या पडवीच्या कडेला मांडलेल्या असायच्या. सासूबाई गेल्यापासून घरात ते कुणाशी फारसं बोलत नसत, पण पेट्यांशी तासन् तास बोलायचे. मला तर रागच यायचा. पण आमचा पाऊस कसला! एका वर्षी पेट्यांच्या तळाच्या फळ्या भिजून फुगल्या, त्यांना फटी पडल्या आणि त्यातून मेणकिडा आत शिरला. पोळ्यांत अळ्यांनी जाळी केली. दोन पेट्यांतल्या माश्या तर एका सकाळी उठल्या आणि घर सोडून गेल्या. मामंजी त्या रिकाम्या पेट्यांपुढे बसून राहिले. मी चहा नेला तर म्हणाले, "घर कुजलं तर कोण ऱ्हाईल गं?"

त्या पुढच्या आषाढात पुन्हा तेच. सगळ्या पेट्यांच्या फळ्या बोटानं दाबल्या तरी दबायच्या. काय करायचं ते मामंजींनी ठरवून ठेवलं होतं. तळाची फळी पुढे उतरती बसवायची, म्हणजे पाणी बाहेर पडेल. ती सरकवून काढता यावी, म्हणजे खालचा कचरा झाडता येईल आणि किड्याला थारा मिळणार नाही. दार लहान करायचं. झाकणाला भोक पाडून जाळी मारायची, म्हणजे आतला दमटपणा जाईल. सगळं खरं, पण लाकूड सुकंच हवं. ओलं लाकूड मागाहून वाकतं आणि पुन्हा फट पडते. मामंजी कर्जतच्या वखारीत जाऊन आले. तिथलंही पाणी पिऊन बसलेलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर मामंजी शिडीवर.

"अहो, काय करताय? ते तुमचं हाय ना?"

"माझं हाय म्हणूनच काढतोय. करवतीचं दुसरं टोक धर."

मी धरलं. आंब्याचे ते जाड ओंडके चिरता चिरता हाताला फोड आले. निम्मं लाकूड भुशातच गेलं, उरलेल्याच्या फळ्या करून पेट्यांना ठोकल्या. चुलीवरचा ढीग उतरत चालला. नवरा खोपोलीच्या कारखान्यात होता. तो रविवारी आला आणि माळा बघून भडकलाच. "बाबा, लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"दिवाळीनंतर भरू रं परत. तवर मी मरत नाय."

"तसं वरून लिहून आलंय का?" मी म्हटलं. मामंजी हसले. सासरी आल्यापासून त्यांना मी हसवलं ते तेव्हाच.

गौरी-गणपती झाले आणि मामंजी तापानं गेले. पाऊस नुसता कोसळत होता. माळ्यावर चार तुकडे उरलेले. नवऱ्यानं हातोडी उचलली आणि तडक पेट्यांकडे निघाला. मी आडवी झाले.

"सर बाजूला. माझ्या बापाला ओल्या लाकडावर ठेवू?"

त्याचं चुकत नव्हतं. तरी मी हलले नाही. आत माश्या गुणगुणत होत्या, जाळीतून ऐकू येत होतं. तो हातोडी हातात धरूनच लहान पोरासारखा रडायला लागला.

तेवढ्यात शेजारची आजी पावसातून डोक्यावर इरलं घेऊन दारात आली. तिनं सगळं बघितलं होतं. "पोरा, हातोडी ठेव. माझ्या माळ्यावर चढ नि सगळं खाली काढ."

"आजी, मग तुमचं?" मी विचारलं.

"मी काय आज चाललेय का गं?"

बायका मसणात जात नाहीत. मी पेट्यांपाशी उभी राहून शेतापलीकडे बघत होते. तिथल्या पत्र्याच्या शेडखाली सरण धुमसलं नाही, लगेच पेटलं.

पेट्या सगळ्या तगल्या, एकही रिकामी झाली नाही. दिवाळीनंतर आम्ही दोघांनी लाकूड तोडून, सुकवून आधी आजीचा माळा भरला. ती कशीबशी शिडी चढली. एकेका ओंडक्यावर हात फिरवून खाली उतरली आणि म्हणाली, "चला, आता मी मरायला मोकळी."

मामंजी गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी मी आजीच्या चुलीपुढे बसून पोटभर रडले.