कच्चं पीठ

"हे बाळसं नाही. हे त्याचं लिव्हर आहे," असं म्हणत डॉक्टरांनी सोहमच्या पोटावर पेनाने रेघ ओढली. रेघ पार बेंबीच्या खाली गेली. माझ्या दीड वर्षाच्या मुलाचे गुबगुबीत गाल आणि पुढे आलेलं पोट बघून सगळी आळी कौतुक करायची. दृष्ट लागू नये म्हणून मी त्याला तीट लावत होते!

आजाराचं नाव ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज. लिव्हर साखर साठवतं, पण लागेल तेव्हा ती सोडत नाही. मूल थोडा वेळ उपाशी राहिलं की हायपोग्लायसेमिया होतो, म्हणजे रक्तातली साखर घसरते आणि फिट येऊ शकते. आईबाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं की हा आजार होतो. आम्ही दोघं धडधाकट. मुंबईतल्या या तज्ज्ञ बाई भेटेपर्यंत सोहमच्या सकाळच्या घामाला आणि सुस्तीला सगळे अशक्तपणाच म्हणत होते.

उपचार ऐकून मला हसूच आलं. कॉर्नस्टार्च, म्हणजे मक्याचं पांढरं पीठ, साध्या पाण्यात कालवून ठरलेल्या वेळी पाजायचं.

"कच्चंच द्यायचं," डॉक्टर म्हणाल्या. "कच्चं हळूहळू पचतं, म्हणून साखर टिकते. शिजवलं की पटकन पचून संपतं."

मी वडप्याच्या एका गोदामात बिलिंगचं काम करते. नवरा ट्रान्सपोर्टमध्ये, बहुतेक बाहेरगावी. दिवसा सोहम सासूबाईंकडे असायचा. त्या अंजूर गावच्या, चार पोरं वाढवलेल्या. पीठ कच्चंच, ठरलेल्या वेळी द्यायचं, एवढंच मी सांगितलं. त्यांनी मान डोलावून ऐकलं.

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. "पोर डोले फिरवतंय गो, लवकर ये!"

शेजाऱ्यांनी त्याला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. माझी रिक्षा कंटेनरच्या रांगेत अडकली. मी उतरून पळत सुटले. पोचले तेव्हा तो आयसीयूत होता. काय खाल्लं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"पीठच दिला," सासूबाई म्हणाल्या. "कच्चा पोटान दुखतं, म्हनून जरा शिजवला."

मी आयसीयूच्या दारात, चारचौघांत त्यांच्यावर ओरडले.

सोहम वाचला. पण मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नव्हती, असं एमआरआयनंतर कळलं. आई, आजी, भूभू, एवढं बोलायचा तो. आता काहीच बोलत नाही.

तुमच्या घरात असं मूल असेल, तर काय द्यायचं एवढंच सांगून थांबू नका. का ते सांगा. मुंबईच्या डॉक्टरांकडे पुढच्या तपासणीला आम्ही सासूबाईंना सोबत नेलं. डॉक्टरांनी चूक कोणाची ते विचारलं नाही, फक्त वाटी-चमचा देऊन त्यांच्याकडून पीठ कालवून घेतलं. त्या डॉक्टरबाईंची मी जन्मभर ऋणी राहीन.

"मी न्हाय हात लावनार त्याला," घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. पण कामावर जाणं मला भाग होतं आणि घरी दुसरं कोणीच नव्हतं. मी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चमचा भरला. सोहमने त्यांच्याकडे बघून आ केला.

मला त्यांना अजून माफ करता आलेलं नाही. तरी रोज सकाळी मी मूल त्यांच्या मांडीवर ठेवते आणि कामाला जाते.