दोन देशांचं धरण आणि अर्बाबची लिंबं

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर; पासपोर्टावर अडुसष्ट, कारण आमच्या रत्नागिरीकडच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघून वय लिहिलं होतं. त्या शाळेत मी चौथीपर्यंत टिकलो. पुढे टिकलेले माझे सोबती आता पेन्शन खाऊन गुडघे चोळत बसलेत, आणि मी इथे ओमानात, इब्रीत, कॅफेटेरिया चालवतो. तेव्हा शिक्षणाचं महत्त्व मला कोणी सांगू नये.

कॅफेटेरियात माणसं दोनच. गल्ल्यावर मी आणि तव्यावर नेपाळी आचारी. त्याला मी दाजू म्हणायचो. दाजू म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. वयाने तो माझ्या मुलासारखा; पण ज्याच्या पराठ्यावर आपलं दुकान चालतं त्याला मान देऊन ठेवावा, स्वस्तात पडतो.

रमजान तोंडावर आला होता. रमजानात मगरिबच्या, म्हणजे रोजा सोडायच्या वेळेच्या, आधी अर्धं इब्री माझ्या दारात भजी-पराठ्यासाठी उभं असतं. नेमका हाच मुहूर्त साधून दाजू म्हणाला, "चाचा, मला गावी जायचंय. लगेच."

"कोण मेलं?"

"कोणी नाही. घर बुडणार आहे."

त्याच्या गावाखालची नदी म्हणजे सरहद्द. अलीकडे आपण, पलीकडे ते. तिच्यावर दोन्ही देश मिळून विजेचं धरण बांधणार, असं म्हणे दाजूच्या बापाच्या लग्नापासून ठरतंय. वीज दोघांची, पाणी दोघांचं, हार घालून फोटो दोघांचे. बुडणारं घर तेवढं एकट्या दाजूचं. आता मोजणीवाले येणार होते. गावात बोलवा अशी, की ज्या घरात घरधनी हजर आणि चूल पेटलेली, त्याच घराच्या बदल्यात दुसरीकडे घर मिळणार. कुलूप दिसलं की पडीक म्हणून पुढे जाणार. आणि आई वारल्यापासून दाजूच्या घराला कुलूप होतं. बायको-पोरं शहरात एका खोलीत.

"अरे, धरण व्हायचंच नाही ते," मी म्हणालो. "मला धरणातलं सांगतोस?"

हे मी उगाच म्हणालो नाही. या देशात आल्यावर पहिली दोन वर्षं मी वादीतल्या एका बंधाऱ्यावर फळ्या ठोकल्या आहेत. वादी म्हणजे नदी, फक्त तिच्यात पाणी नसतं. नदी नसताना यांनी बंधारा बांधून दाखवला. आणि त्या दोघांकडे भरलेली नदी असून नुसत्या बैठका चालल्यात. चहा-बिस्किटांवर जेवढा खर्च झाला असेल तेवढ्यात एखादी भिंत उभी राहिली असती.

"चाचा, धरण नाही झालं तरी मोजणी होणार ना?"

"ईद झाली की जा. खलास."

त्या दिवशीचे पराठे असे कडक झाले, की एका ट्रकवाल्याने मला विचारलं, यावर गाडी चढवू का?

दुसऱ्या दिवशी असरनंतर, म्हणजे दुपारच्या उशिराच्या नमाजानंतर, आमचा अर्बाब आला. अर्बाब म्हणजे ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना तो. भला माणूस, हिंदी आमच्याइतकीच वाईट बोलतो. गावाबाहेर त्याची लिंबाची बाग आहे. तिला पाणी फलजचं, म्हणजे डोंगराच्या पोटातून आणलेल्या जुन्या पाटाचं. प्रत्येक बागेची पाळी ठरलेली. आपल्या पाळीला आपण तोंडाशी उभं राहून दगड काढायचा आणि पाणी आत घ्यायचं. त्या दिवशी त्याची पाळी होती, म्हणून तो गाडी चालूच ठेवून एक सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, घ्यायला आत आला.

दाजूचं तोंड बघून त्याने विचारलं, "ये क्यूँ जालान?" जालान म्हणजे रागावलेला.

झालं. मी अर्बाबला धरण समजावायला बसलो. टेबलावर चहा सांडून नदी केली. ही बशी आपला देश, ही बशी नेपाळ. साखरेच्या पुड्या रचून भिंत बांधली. मग दोन्हीकडचे साहेब कसे भांडतात ते दोन्हीकडच्या आवाजांत करून दाखवलं. अर्बाब इतका हसला, की त्याने दुसरी सुलेमानी मागवली आणि स्वतः उठून गाडी बंद करून आला. धरण का होणार नाही, याची सगळी कारणं मी त्याला दिली. सरकारलाही इतकी माहीत नसतील.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचं हसू उतरलं.

"माझी पाळी गेली," तो म्हणाला. "पाणी शेजाऱ्याच्या बागेत चाललंय."

"मग त्याला सांगा, सोड म्हणून."

"का सोडेल? माझ्या जागी कोण उभं होतं?" आणि माझ्या बशांकडे बोट दाखवून ओरडला, "मी इथे तुझी नदी बघत बसलो! लिंबाला फूल आलंय माझ्या!"

दाजू पिठाचे हात घेऊन बाहेर आला होता. त्याने अगदी अदबीने विचारलं, "अर्बाब, तुमची पुढची पाळी कधी?"

"आठवड्याने. इन्शाल्ला."

"बरं आहे," दाजू म्हणाला. "माझी पुढची नाही." आणि परत आत गेला.

अर्बाब माझ्याकडे बघत राहिला. मी टेबल पुसायला घेतलं. आपण केलेली नदी आपणच पुसायची, दुसरं कोण येणार?

मी विरघळलो वगैरे कोणी समजू नये. ते धरण होणार नाही, या मतावर मी आजही ठाम आहे. पण आत जाऊन म्हणालो, "जा बाबा. तोंड पाडून तव्यापाशी उभा राहिलास तर गिऱ्हाईकं तशीही पळतील. आणि चूल पेटवशील तर ओली लाकडं घाल. धूर दोन्ही देशांना दिसला पाहिजे."

"रमजानात तवा कोण बघणार?"

"तू जन्मायच्या आधी मी चूल बघितली आहे."

हे खोटं होतं. आमच्यात चूल बायका बघतात.

अर्बाबने तिथल्या तिथे फोनवर त्याची रजा मंजूर केली. माझ्याशी मात्र जाईपर्यंत बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजूला मस्कतच्या बसमध्ये बसवलं, दुकान उघडलं आणि त्याचा एप्रन बांधून पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त झालं. मग पीठ घातलं, तर पीठ जास्त झालं. तोच ट्रकवाला आला. पहिला पराठा मी त्याच्यापुढे ठेवला. तो ताट फिरवून चारी बाजूंनी बघायला लागला.

"चाचा, हे काय आहे?"

"पराठा," मी म्हणालो. "यल्ला, खा."