पाठीवरची अकरावी वाटी

ज्योतीराम एका जागी बसलाय असं चिखलीतल्या त्या बिल्डिंगमध्ये कुणी कधी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा तो दारात उभा राहून प्यायचा. अशा माणसाला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर निशिगंधा यांनी सोमवारी सांगितलं, की दोन दिवस वजन उचलायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, पाठ भिजवायची नाही आणि काही झालं तरी पाठ खाजवायची नाही. त्याच्या पाठीवर त्यांनी चिकटपट्टीच्या लांब पट्ट्या लावल्या होत्या. पट्ट्यांमध्ये वाटाण्याएवढ्या चपट्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीत वेगळ्या पदार्थाचा थेंबभर लेप. जो पदार्थ अंगाला सोसत नाही, त्याच्या वाटीखाली कातडी लाल होणार. बाकीच्यांखाली काही होणार नाही. चाचणी एवढीच. पण तिला धीर लागतो, आणि ज्योतीरामला तो देताना देवाने हात आखडला होता.

वय बावन्न. औशाकडचं गाव सोडून वीस वर्षं झालेली. घरात तो आणि बायको जयमाला. मुलगी लग्न होऊन दिघीला. काम चाकणच्या एका कारखान्यात. ओतीव लोखंडी भागांच्या कडेला बारीक धार राहते, ती कानशीने उतरवायची. तिथे याला डीबरिंग म्हणतात. दिसायला किरकोळ काम आहे, पण ज्याचा हात बसलेला नाही तो दिवसभरात ढीगभर माल भंगारात घालवतो. ज्योतीराम नुसतं बोट फिरवून सांगायचा, धार कुठे राहिलीय ते.

नोकरी मात्र कंपनीची नव्हती, कंत्राटदाराची होती. अकरा महिने काम, महिनाभर ब्रेक, मग पुन्हा गेटवर रांग. रांगेतून माणसं निवडणारा निरंजन म्हणजे तिथल्याच जुन्या शेतकरी घरातला तिशीतला गडी, बोलायला मोकळा, मनाने वाईट नाही. पण कंपनीच्या साहेबांनी त्याला सांगून ठेवलेलं, पोरं द्या, म्हातारी नकोत. निरंजन कागदावरच्या जन्मतारखा कुठे वाचत बसणार? तो सरळ डोकी बघायचा.

म्हणून भरतीच्या आदल्या रविवारी ज्योतीराम मोरीचं दार लावून घ्यायचा आणि जुन्या टूथब्रशने डोकं काळंभोर करून बाहेर यायचा. पुढे अकरा महिने दर महिन्याला हाच कार्यक्रम. ही गोष्ट जगात कुणालाच माहीत नाही, असं त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटायचं.

दुखणं सुरू झालं तीन वर्षांपूर्वी. कामावर रुजू झाला की दोन दिवसांत कपाळ आणि कान पेटून उठायचे, पापण्या सुजायच्या, कानामागून पाणी गळायचं. आठ-दहा दिवसांनी ओसरायचं आणि महिना उलटला की पुन्हा तेच. ब्रेकमध्ये गावी आईजवळ गेला, डोक्यावर टोपी घालून महिनाभर राहिला, की कातडी साफ. याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल, कंपनीतलंच काहीतरी बाधतंय. पहिला संशय हेल्मेटच्या पट्ट्यावर, मग हातमोज्यांवर, मग तेलावर. मेडिकलवाल्याच्या ट्यूबा लावून झाल्या, एका वैद्याच्या पुड्या खाऊन झाल्या. शेवटी निरंजनने बजावलं, "भाऊ, औंदा असलं तोंड घेऊन आलात तर घ्यायचो न्हाई बगा. बाकीची माणसं लागण हुईल म्हणून बोंबलत्यात."

म्हणून या ब्रेकला तो गावी गेलाच नाही. सोमवारी पट्ट्या लावायच्या, बुधवारी काढायच्या, शुक्रवारी पुन्हा एकदा बघायचं, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी रांग. डॉक्टरांनी हेल्मेटचं नाव लिहून दिलं की कागद निरंजनपुढे टाकायचा, वेगळा पट्टा मागायचा, संपला विषय. अंगाला लागणारं सगळं घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं, तर हा पिशवीभर सामान घेऊन गेला. पट्ट्याचा तुकडा, हातमोजा, बाटलीत तेल, हात धुवायची पावडर, साबण. डोक्याला काय लावता, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं, "खोबरेल." आणि बाहेर बसलेल्या जयमालाला तो प्रश्न ऐकू गेला नसेल ना, म्हणून दाराकडे पाहिलं.

मंगळवारी दुपारपासून पाठीत एका जागी खाज उठली. खोली ती केवढीशी, आणि हा गॅसपासून दारापर्यंत आणि दारापासून गॅसपर्यंत फेऱ्या घालतोय.

"अहो, बसा की जरा. मला चक्कर यायली तुमच्याकडं बघून," जयमाला म्हणाली.

"कुठं खाजायलंय ते बघ आधी. खालच्या पट्टीत हाय ना?"

आपलं सामान डॉक्टरांनी सगळ्यात खालच्या पट्टीत लावलंय, हे त्याने लक्षात ठेवलं होतं. वरच्या पट्ट्यांत दवाखान्याचे स्वतःचे पदार्थ होते, नेहमी बाधणारे.

जयमालाने शर्ट वर करून पाहिलं. "बोट कुठं ठिवताव तुमी? हे तर वर हाय."

"पाठीवरचं कुणाला नीट कळतंय? खालीच आसंल."

तिने शर्ट खाली ओढला आणि पुन्हा पिठात हात घातला. ज्योतीरामची रात्रभर कूस बदलणं चालूच होतं, तेही पालथं पडून.

बुधवारी डॉक्टर निशिगंधांनी पट्ट्या काढल्या आणि अर्धा तास थांबायला सांगितलं, पट्टीची लाली उतरावी म्हणून. तो अर्धा तास ज्योतीरामने व्हरांडा मोजण्यात घालवला. मग त्यांनी पाठीवर उजेड पाडून पाहिलं, बोट फिरवलं.

"हेल्मेटचं काही नाही. हातमोजा नाही, तेल नाही, पावडर नाही," त्या म्हणाल्या. "वर अकरा नंबरला मात्र चांगलंच उठलंय. फोड आलेत."

"अकरा म्हंजे काय?"

"केस काळे करायच्या रंगात असतं ते. तुम्ही रंग लावता का?"

"न्हाई. खोबरेल लावतो."

या वेळी जयमाला आत होती. ती खाली बघत म्हणाली, "मोरीतले काळे डाग मी घासते, मॅडम. धा वर्षं झाली."

ज्योतीराम असा खजील झाला की शर्ट घालायचा विसरला. दहा वर्षं ही बाई फरशी घासत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. त्याला तिचा राग आला आणि रागाहून जास्त लाज वाटली. मग तो डॉक्टरांशीच भांडायला उठला. दहा वर्षं लावतोय, आधी कसं काही झालं नाही? आणि आता तर डाय नाही, काळी मेहंदी आहे, झाडपाल्याची.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "मेहंदी लावली तर केस तांबडे व्हायला हवेत. पुडीतली मेहंदी काळी करते, कारण तिच्यात हाच पदार्थ घातलेला असतो. आणि दहा वर्षांचं म्हणाल तर, अंग सुरुवातीला सोसतं. मग एखाद्या दिवशी त्या पदार्थाला ओळखायला लागतं. एकदा ओळखलं की विसरत नाही."

"पण मला कंपनीत गेल्यावरच होतंय."

"कधी लावता?"

"भरतीच्या आदल्या दिवशी. रविवारी."

"आणि उठतं कधी?"

"मंगळवारी. बुधवारी डोळे बंद."

"हे लावल्या लावल्या उठत नाही, एक-दोन दिवस घेतं. पाठीवरसुद्धा तसंच झालं ना? गावी गेलात की रंग लावत नाही, म्हणून बरं वाटतं. कंपनीने काही केलेलं नाही तुम्हाला."

ज्योतीरामने मनात जुळवून पाहिलं. रविवारी टूथब्रश, सोमवारी गेट, मंगळवारी खाज. तीन वर्षं तो सोमवारला शिव्या घालत होता. सगळं बरोबर जुळत होतं आणि त्याला ते जुळायला नको होतं. हेल्मेट बदलता आलं असतं. बावन्न वर्षं कशी बदलणार?

शुक्रवारी अकराव्या जागेवरचे फोड आणखी भरले होते. डॉक्टरांनी बाधणाऱ्या पदार्थाचं नाव एका कार्डावर लिहून दिलं आणि बजावलं, पुन्हा लावलंत तर पुढच्या वेळी याहून वाईट होईल.

शनिवारी त्याने सगळे रस्ते चाचपून पाहिले. एकदाच लावावं, रांग पार पडली की सोडावं? पण बुधवारी तोंड सुजलं की निरंजन हाकलणार. चमनगोटा करावा? आई गावी जिवंत आहे. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. उगाच डोकं भादरून गेलं तर जो तो विचारणार, कोण वारलं? आणि आईच्या जिवावर खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. टोपी घालावी? गेटवर टोप्या काढायला लावतात. रविवारी तो न्हाव्याकडे गेला, केस बारीक करून आला. काळी टोकं गेली आणि उरलं ते पांढरंशुभ्र डोकं. जयमाला म्हणाली, "तुमच्या बाबांसारके दिसायलाव." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण त्याला जेवण गेलं नाही.

सोमवारी रांगेत साठ-सत्तर जण होते. ज्योतीराम सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. मागे बुद्धरत्न उभा होता, त्याच्याच लाइनवरचा, चार वर्षांचा सोबती. त्याने ज्योतीरामचं डोकं पाहिलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

निरंजन खांद्याला हात लावत, नावं सांगत पुढे सरकत आला. ज्योतीरामपाशी थांबला. "काका, पोराला सोडायला आलाय व्हय?"

"मी ज्योतीराम. डीबरिंगचा."

निरंजनने नीट पाहिलं. "आरं तिच्या. आजारी होता का काय?"

"आजारी आधी होतो. केस काळे होते तवा. आता बरा हाय." त्याने कार्ड पुढे केलं. आसपासचे दोघे-तिघे हसले. निरंजन हसला नाही. त्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं.

"साहेब पोरं मागत्यात, काका. माझा बी इलाज न्हाई."

तो पुढे निघाला तसा ज्योतीराम रांग सोडून त्याच्या आडवा आला. असं त्याने जन्मात केलं नव्हतं. "अकरा महिन्यांत माझ्या हातचा एक पीस परत आलाय का? तेवढं सांगा, मग जातो मी."

निरंजन वहीत बघत म्हणाला, "न्हाई आला."

"मग?"

"आठ दिवस बगू. तोंड सुजलं का घरी." आणि चिडल्यासारखा, सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याने विचारलं, "वय किती हो तुमचं खरं?"

"बावन्न," ज्योतीराम म्हणाला. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

रांगेत चुळबुळ झाली. आजवर निरंजनने वय कधी विचारलं नव्हतं. आता त्याची पेन्सिल मागच्या माणसाकडे वळली. "तुमचं?"

बुद्धरत्नच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ज्योतीराम दोन वर्षांपूर्वी जेवून आला होता.

"अडतीस," बुद्धरत्न म्हणाला.

निरंजनने लिहून घेतलं आणि पुढे गेला. बुद्धरत्न दात आवळून पुटपुटला, "तुझ्यामुळं इचारलं त्यानं. नीट चाललं होतं सगळ्यांचं."

ज्योतीरामने मागे वळून पाहिलं. बुद्धरत्नचे केस कालच काळे केलेले होते, कपाळावर पुसलेल्या रंगाची कड अजून होती. कानांच्या पाळ्या जाड होऊन सोलल्या होत्या, आणि बोलता बोलताही त्याचं बोट कानामागे खाजवत होतं.

ज्योतीरामला उलटून बोलायचं होतं. पण त्याने बुद्धरत्नचं मनगट धरून हात खाली घेतला.

"सोमवारी असती ओपीडी," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी मी येतो तुझ्यासोबत."