कूलरचं वाक्य

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं दुकान चालवणारा माझा शेजारी कथा लिहितो. माणूस भेटला, की त्याचं काहीतरी उचलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझी शिंक त्याने एका कथेत अशी घातली, की तिच्या धक्क्याने मिहानजवळच्या विमानतळावर उतरणारं विमान पुन्हा वर गेलं. मी भांडायला गेलो, तर कापड मोजायचा गज आपटत म्हणाला, "ठाण कोनाचंही आना गा, कापून शिवलं की सदरा आपला. दुसऱ्यानं शिवलेला सदरा मात्र आपला म्हनून विकू नाही."

परवा वाचनालयाच्या कथास्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, जन्मातलं पहिलंच. त्याची बायको पुढच्या रांगेत नटूनथटून बसलेली. परीक्षकांनी कथेतलं एक वाक्य वाचलं, "सासरे घरात आले, की कूलरसुद्धा दबकत फिरतो." सभागृह असं हसलं, की छताचे पोपडे पडले. "अख्ख्या कथेचा जीव या वाक्यात आहे," परीक्षक म्हणाले.

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. त्याने माइक ओढला आणि माझ्याकडे बोट केलं. "साहेब, हे वाक्य याचं हाय. चहा पिताना बोलला होता. मी जसंच्या तसं ठेवून देल्लं. बक्षीस दुसऱ्याले द्या."

तो खाली आल्यावर मी विचारलं, "माह्या त ध्यानातही नव्हतं! काहून सांगतलं गा?"

"मले होतं ना ध्यानात," तो म्हणाला.

बायकोला घेऊन तो रिकाम्या हातांनी, ताठ मानेने निघाला. त्याच्या मागून मी असा छाती काढून चाललो, की रस्त्यातली माणसं माझंच अभिनंदन करू लागली.