हसुरामच्या अर्जातला 'टू'

ऑफिसच्या खणात गंजक्या टाचण्या जमतात, तसे किस्से जमतात. कोणी मागत नाही, फेकवतही नाहीत. रेवदंड्याच्या जेट्टीवर आम्ही चार पेन्शनर बसलो की मी माझ्या इंग्रजीचे किस्से सांगतो. सगळे हसतात. पूर्वी मीही हसायचो.

मी हेडक्लार्क. 'टू'च्या पुढे क्रियापद मूळ रूपातच हवं, हा माझा एकमेव धर्म.

*

एकदा साहेबांच्याच मसुद्यातला 'टू' मी लाल शाईने सुधारला. साहेब म्हणाले, "तुमच्यापेक्षा बायको बरी. ती निदान चारचौघांत चुका काढत नाही."

*

एका सहकाऱ्याच्या मुलीची इंग्रजी पत्रिका आली, तीही मी दुरुस्त करून परत दिली. लग्नात वधूपिता हात जोडून म्हणाला, "जेवायला बसा. मेनू तपासून घेतलाय."

*

आमचं ऑफिस उरणकडे. शिपाई हसुरामचा बाप रेवदंड्यात लकवा होऊन पडलेला, घरात भरवायलाही दुसरं कोणी नाही. हसुरामला तिकडे बदली हवी होती. अर्जात त्याने लिहिलं, 'आय वॉन्ट टू वेंट रेवदंडा.' मी शेरा मारून परत दिला.

"भाऊसाहेब, मना जायाचा हाय, ता समजला ना तुमाना?"

"मला समजलं. व्याकरणाला नाही समजलं."

सगळं ऑफिस हसलं.

*

दुसऱ्या अर्जात 'टू गोइंग'. परत. तिसऱ्यात 'आय वॉन्ट टू फादर ईट'. "अरे, जेवणार बाप ना? मग बाप 'टू'च्या आधी." परत. जुन्या पाकिटांच्या पाठीवर तो वाक्यं गिरवायचा. चौथाही परत.

अर्ज मराठीत चालत होता. मला ठाऊक होतं. साहेब म्हणालेही, "मराठीत घ्या ना." मी म्हणालो, "शिकेल बिचारा."

*

हा शेवटचा मी जेट्टीवर सांगत नाही.

पंधरा दिवस हसुराम आला नाही. मला वाटलं, रुसला. मग एका सकाळी टोपी घालून आला आणि पाचवा अर्ज टेबलावर ठेवला. 'आय वॉन्ट माय फादर टू ईट फ्रॉम माय हँड.' एक चूक नाही. मी उभा राहून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"शाब्बास हसुराम! आजच साहेबांपुढे ठेवतो."

"नको भाऊसाहेब. तुमाना दाखवाला आनलाय."

त्याने टोपी काढली. डोक्याचं मुंडन केलेलं होतं.

"आता चुकी न्हाय ना?"